अर्धाच ऐकलेला अंदाज

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा उठले का? आई गेल्यापासून प्रत्येक पत्रात हेच विचारतो, तुलाही कंटाळा आला असेल. आमच्या हवामान कार्यालयात सगळे नकाशांत डोकं घालून बसलेत. आठवडाभर अवेळी ऊब राहील आणि मागोमाग कडाक्याच्या थंडीची लाट येईल. उद्या सकाळी रेडिओवर मीच वाचणार आहे, म्हणजे बाबांच्या कानावर पडेलच. ऊन बघून आईच्या मधमाश्यांच्या पेट्यांवरची पांघरुणं मात्र काढू नका. ऊन दिसलं की स्वेटर भिरकावून देणारी तू, म्हणून आपलं सांगितलं.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागावत राहा, म्हणजे लोभ आहे हे कळतं.

तुझा,
धाकटा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

बाबा उठले होते. ‘होते’ लिहिताना हात जड होतोय.

त्या सकाळी तू रेडिओवर ऊब येणार म्हणालास आणि बाबांनी पलंगावरून पाय खाली सोडून माझ्याकडे चपला मागितल्या. चार महिन्यांनी! तेवढ्यात तू खाकरलास. वाईट सांगायचं असलं की तू लहानपणापासून खाकरतोस. मी रेडिओ बंद केला आणि सेल संपले म्हणून सांगितलं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं, तोवर बाबांनी पांघरुणं काढूनही टाकली होती. रोज सकाळी स्टूल घेऊन पेट्यांजवळ बसायचे, त्यामुळे त्यांना रेडिओची आठवणच झाली नाही. दाढी केली, माझ्या चहाला नावं ठेवली. पेट्या झाकू या का म्हटलं तर हसले, पोरानं ऊब सांगितलीय म्हणाले. खरं सांगायला जीभ रेटेना. आज नको, उद्या सांगू, असं करत राहिले आणि वारा फिरला. घरात होतं नव्हतं ते पेट्यांवर टाकलं, माझी शालसुद्धा. पण उशीर झाला होता.

पाचही पेट्या गेल्या रे. उबेमुळे आत नवी पिल्लं झाली होती. माश्या त्यांना कवटाळूनच मेल्या. मध चार बोटांवर होता, पण तिथवरही कोणी गेली नव्हती. बाबांनी झाकण लावलं आणि पुन्हा पलंग धरला. पोरगा चुकला, एवढंच म्हणाले. आता रेडिओ लावू देत नाहीत. माझ्यापायी तुझं नाव खराब झालेलं मला सहन होत नाही. तुझं उत्तर आलं की सगळं सांगून टाकते.

जमलं तर माया राहू दे.

तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. ही लाट मी बरोबर ओळखली म्हणून साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती, आणि ज्यांना ती कळायला हवी ते माझेच बाबा मला चुकलेला समजतात. मग विचार केला, माझ्याकडे चपला मागितल्या असत्या तर मी काय केलं असतं? मीही बटण फिरवलं असतं.

तू काही सांगू नकोस. औषध, जेवण, सगळं ते तुझ्या हातून घेतात. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर त्यांना घरात कोण उरेल? माझ्यावर लांबून रागावता येतं. सोबतची चिठ्ठी त्यांना वाचून दाखव. या वेळी शेवटपर्यंत वाच.

शाल धुऊन पुन्हा वापरायला काढ. माया कुठे जाते?

तुझा,
धाकटा

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

माझा अंदाज चुकला. ऊब दिसली, पण तिच्यामागची थंडी मला दिसली नाही. आईच्या माश्या माझ्यामुळे गेल्या. ताई पेट्या झाकू या म्हणत होती, तिचंच बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात थंडी ओसरेल असं वाटतं. माझ्यावर विश्वास ठेवा असं आता म्हणवत नाही. तुम्हीच रोज खिडकीबाहेर हात काढून बघा. ऊब लागली, तर ताईकडे चपला मागा.

आपला,
धाकटा