फार लांब नको

१२ मे

चि. बिट्टीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या इथल्या कॉलेजप्रवेशाची बातमी बाबांनी फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितली, की आधी वाटलं काहीतरी बिनसलं. आनंद झाला की ते कुजबुजतात, हे मी दर वेळी विसरते. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तुझे भावोजी परवा जहाजावर परत गेले, ते आता थंडीतच उगवतील. म्हणजे घरात मी, तुझा तीन वर्षांचा भाचा आणि त्याच्या चाकं निखळलेल्या मोटारी. तू आलीस की जरा माणसांत आल्यासारखं वाटेल.

एक काम आहे. आमच्या ऑफिसात विद्यार्थ्यांना भाड्याची खोली शोधून देणारी वेबसाइट तयार होते आहे. सगळ्यांसाठी खुली करण्याआधी ती खऱ्या विद्यार्थ्यांकडून वापरून बघायची असते. माझा एक सहकारी तुला कॉम्प्युटरवर भेटेल आणि खोली शोधायला सांगेल. मनात येईल ते मोठ्यानं बोलत तू शोधायचं. तू एरवीही एकटीच बडबडत असतेस, तेव्हा सरावाची गरज नाही. चुकायला घाबरू नकोस. परीक्षा साइटची आहे, तुझी नाही. मी तिथे नसेन, कारण ओळखीचं माणूस समोर असलं की लोक मन राखून बोलतात. तुला खोली नकोच आहे, पण हवी आहे असं समजून शोध.

बाकी तू आल्यावर बोलूच.

तुझी,
ताई

२० मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुमची चाचणी दिली. तुझे सहकारी भलतेच शांत आहेत. मी कितीतरी वेळ भलत्याच पानावर भटकत होते, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. कुठे कुठे अडलं ते तुला सांगते. ‘एक बेड’ म्हणजे एक खोली असं समजून मी खुशीत उघडलं, तर ती सहा जणींच्या खोलीतली एक खाट निघाली. नकाशा ओल्या साबणासारखा बोटाखालून निसटतो. आणि फोटो सगळे दारात उभं राहून काढलेले, त्यामुळे प्रत्येक खोली ऐसपैस दिसते आणि दाराला कडी आहे की नाही ते मात्र दिसत नाही.

शेवटी ते म्हणाले, आता स्वतःसाठी निवडाल तशी एक निवडा. निवडली.

चाचणीचं सगळं रेकॉर्डिंग केलं, ते कोण कोण बघतं गं? सहज विचारते. आणि तू माझ्यासाठी कपाट घेणार असं बाबा म्हणत होते. एवढ्यात घेऊ नकोस. माझे कपडे असे किती आहेत.

भाच्याला पापा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
बिट्टी

२६ मे

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

रेकॉर्डिंग आम्ही सगळे एकत्र बसून बघतो. तुझं लावायच्या आधी सहकाऱ्यानं मला हळूच विचारलं, चहाला जाऊन येतेस का. तू माझी बहीण हे फक्त त्यालाच ठाऊक. मला त्याचा इशारा कळला नाही. म्हटलं, नको, बसते.

खाटेपाशी सगळे हसले, मीही हसले. मग ती शेवटची निवड आली. तुझा बाण नकाशावर नुसताच फिरत राहिला. सहकाऱ्यानं बोलत राहायची आठवण करून दिली, तेव्हा तू म्हणालीस, “ताईच्या घरापासून लांब, पण फार लांब नको, असं कुठे टाकायचं?”

पुन्हा हशा पिकला. आमच्या विभागाच्या बाई तर खूशच झाल्या. सगळ्यांना फक्त कॉलेजच्या जवळ हवं असतं असं आपण धरून चाललो होतो, म्हणाल्या. टिपणं घ्यायची पाळी माझी होती. तुझं वाक्य मी जसंच्या तसं टाइप केलं, स्वल्पविरामासकट.

फोन करणार होते. पण फोनवर तू गप्प बसतेस आणि मी तुझ्या वाटचंही बोलून टाकते, म्हणून लिहिते आहे. माझ्याकडे काय कमी आहे ते सांग. कपाट येऊन पडलं आहे. बाबांना मी काही बोललेले नाही.

ताई

३१ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कमी काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे. गेल्या सुट्टीत मी तुझ्याकडे राहिले होते. भाचा माझ्याशिवाय झोपेना, तुला ऑफिसात उशीर व्हायचा. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं सगळं माझ्याकडे आलं आणि आणलेली पुस्तकं मी न उघडता परत नेली. तू एकदाही ‘कर’ म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर निदान कुरकुर तरी केली असती. आई गेल्यावर शाळेत पालक म्हणून तूच सही करायचीस. तुला नाही म्हणायला मी शिकलेच नाही. उद्याही सगळं हौसेनं करीन, आणि मग एक दिवस नापास होऊन त्या एवढ्याशा पोरावर डाफरेन. ते मला नको आहे.

हे सांगायला फोन केला, की तू पडद्याचा रंग कुठला आवडेल ते विचारायचीस.

साइटवरच्या खोल्या खऱ्या आहेत असं तुझे सहकारी म्हणाले होते. मी निवडली त्या खोलीच्या मालकीणबाईंशी बोलून ठेवलं आहे. निवृत्त नर्स आहेत, वरची एकच खोली भाड्यानं देतात. माझं नक्की होईपर्यंत आठवडाभर थांबतील. तू नको म्हणालीस तर मी तुझ्याकडेच येईन आणि तोंड फुगवणार नाही, हे अगदी मनापासून लिहिते. बाबांना तू सांगशील की मी सांगू?

अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाल.

तुझी,
बिट्टी

७ जून

चि. बिट्टीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

काल ऑफिसातून परस्पर ती खोली बघून आले. खोट काढायलाच गेले होते, हे आधी कबूल करते. फोटोत दिसते त्याच्या निम्मी आहे. खिडकीमागे छापखाना आहे, दिवसभर यंत्राची धडधड चालू असते. पाणी चांगलं येतं. मालकीणबाई ताप आहे का बघावं तशा माणसाला न्याहाळतात. मुलीच्या आई का, असं त्यांनी मला विचारलं. बहीण, म्हटलं. केस रंगवायची वेळ आलेली दिसते.

दाराची कडी ढिली होती. भाडेकरीण ठरली की बदलीन, म्हणाल्या. मी म्हटलं, “ठरली आहे. बदला.” तोंडून गेलं ते गेलं. मग मागे घ्यावंसं वाटलं नाही.

बाबांना मीच सांगितलं. भांडलात का, असं त्यांनी विचारलं. भांडायची वेळ येऊ नये म्हणून, असं सांगितलं. त्यांना पटलं की नाही कळत नाही, पण तुझ्या गादीची चौकशी करत होते.

तुझ्या भाच्याला पाळणाघरात घातलं. पहिल्या दिवशी तो रडला नाही, त्याचंच मला रडू आलं. संध्याकाळी वेळेवर निघणार, असं ऑफिसात विभागाच्या बाईंना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. इतकं सोपं होतं, तर मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

तुझ्या खोलीवरून घरी चालत आले. जाता येता डोकावावं इतकी ती जवळ नाही. तुला बरं नसलं तर मला पोचता येणार नाही, इतकी लांबही नाही.

घराची किल्ली मात्र तुला देणार नाही. बेल वाजवून यायचं आणि पाहुणीसारखं ऐटीत बसायचं. आमच्याकडे पाहुण्यांना पोर सांभाळायला लावत नाहीत.

येत जा, एवढंच मागणं.

तुझी,
ताई