ह्युएचा मधला दरवाजा

८ मार्च २०२५, शनिवार. नागपूर विमानतळ, सकाळी ६.
व्हिएतनामला निघालो. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा मिळून एकवीस जण. एक दिवस दा नांगचा समुद्र, मग तीन दिवस ह्युए, म्हणजे तिथल्या बादशहांची जुनी राजधानी. समुद्राशी मला काही घेणंदेणं नाही. मी ह्युएसाठी आलो. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. या ग्रुपला आयता नेता मिळाला आहे. लोकांना अजून माहीत नाही, एवढंच.
संकल्प: चिडायचं नाही. कमलशी गोड बोलायचं. अडतीस वर्षांत तिला कुठे नेलं नाही, असं ती म्हणते.

६.२०. चिडलो. चेक-इनच्या लाइनीत देवीदास उभा. पांढुर्ण्याचा रिटायर पोस्टमास्तर. त्याची बायको सुमन कमलची शाळेपासूनची मैत्रीण. कमलला सगळं माहीत होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आले नसते.

९ मार्च. दा नांग.
समुद्र पाहिला. पाणी होतं.
देवीदास हाफपँटमध्ये. त्याच्याकडे पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. दिवसभर ते करून राहिलो, त्यामुळे बाकी काही पाहता आलं नाही.
नोंदीसाठी लिहून ठेवतो. २०११, सौंसरचं सभागृह, माझं व्याख्यान. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल मी १६७१ म्हणालो. जीभ घसरली, बस. कोणीतरी स्टेजवर चिठ्ठी पाठवली आणि सूत्रसंचालकानं ती माइकवर वाचली: ‘साल चुकलं, १७६१ पाहिजे.’ दोनशे लोक हसले. चिठ्ठी कोणाची, हे मी तेव्हाच ओळखलं. टपालखात्याशिवाय असलं कोण करणार? तेव्हापासून अबोला. चौदा वर्षं, एक दिवस खाडा नाही. देवीदासला हे माहीत आहे की नाही, माहीत नाही.

१० मार्च. ह्युए.
टूर मॅनेजर तृप्ती. नागपूरची, वय सत्तावीस. मी तिला सांगितलं की गाइडची गरज नाही, मी बोलीन. ती छान हसली. कबूल असावं.
दुपारी रस्त्यात पाटी दिसली: CHAY. मी बस थांबवली. सगळ्यांना म्हटलं, चला, चहा पाजतो. आत गेलो, तीन वेळा चाय मागितली, तीन वेळा टोफू आला. देवीदास सुमनला हळूच सांगून राहिला होता की इथे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. मला ऐकू येईल एवढ्या हळू. सगळे पोटभर जेवले. कमलनं दोनदा भात घेतला. मी निषेध म्हणून काही खाल्लं नाही. रूमवर येऊन घरची शेव खाल्ली.
नदीचं नाव अत्तराची नदी. वास नाही. तक्रार केली.

११ मार्च. ह्युए, संध्याकाळ.
राजवाडा. पुढच्या वेशीला पाच दरवाजे. मधला फक्त बादशहासाठी होता, असं तृप्तीनं तरीही आणलेली गाइड म्हणाली. मी मधल्याकडे गेलो. इतिहासाच्या माणसाला आडबाजूचं दार शोभत नाही. पहारेकऱ्यानं शिटी वाजवली. भाषा न समजल्यामुळे मी थांबलो नाही. मग त्यानं दंडाला धरलं. ते सगळ्यांना समजलं.
आत गेल्यावर जाहीर केलं: खरा इतिहास ज्यांना पाहिजे त्यांनी माझ्यामागं यावं. चौघं आले. त्यातले दोघं बाथरूम शोधत होते. दुसऱ्या चौकानंतर एकटी कमल उरली.
इथे थोडा मार्ग बदलला. हरवलो असं म्हणता येणार नाही, कारण आम्ही भिंतीच्या आतच होतो. पावणेदोन तास. फोनमध्ये इथलं सिम नाही, कारण ते घ्यायला तृप्तीनं सांगितलं होतं. पाऊस भुरभुरत होता. कमल एका पायरीवर बसली. तिचा गुडघा दुखून राहिला होता. मी तिला इथल्या घराण्याच्या तेरा बादशहांबद्दल सांगितलं. तीन आठवले.
आम्हाला शोधत देवीदास आला. छत्री, पाण्याच्या दोन बाटल्या. मी पाणी नाकारलं. कमल गटागट प्यायली. मग बाटलीचं झाकण लावत, माझ्याकडे न पाहता बोलली.
“मले राजवाडा पाहाचा होता. तुमचं तोंड तं घरी रोजच दिसते.”
सगळ्यांनी राजमातेचा महाल पाहिला. आमचा राहिला. बसमध्ये ती सुमनजवळ बसली. गुडघ्यासाठी तिकडे पाय लांब करायला जागा जास्त असावी.

१२ मार्च. ह्युए.
आज शाही जेवण. ग्रुपमधून एक राजा, एक राणी निवडतात. जरीचे झगे, मुकुट, सिंहासन. राजा कोण, हा प्रश्नच नव्हता. दुपारी दाढी केली, दोन मिनिटांचं भाषण बसवलं. त्यात पानिपत घेतलं नाही.

जेवणानंतर. हात वर करून मतदान झालं. राणी कमल, वीस मतांनी. राजा देवीदास. मला एक मत. ते मी दिलं. कमलचा हात मांडीवर होता.
पिवळ्या झग्यात ती सिंहासनावर बसली. पाठ ताठ. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. फोटो काढावा असं वाटलं, पण निषेध चालू होता.
मोराच्या आकाराचं सॅलड आलं. मी मोराची मान खाल्ली. देवीदास मुकुटासकट माझ्या शेजारी येऊन बसला.
“सर, तुम्ही माह्यासंगं काऊन बोलत नाही?”
मी चौदा वर्षांचं सगळं सांगितलं. व्याख्यान, चिठ्ठी, माइक. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
“२०११ मधी मी बैतूलले होतो, सर. पांढुर्ण्याले बदली झाली २०१२ ले.”
तो खोटं बोलून राहिला असं लिहिणार होतो. पण त्याला माझ्याबद्दल वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. ते फार अपमानास्पद होतं.

१३ मार्च. ह्युए, सकाळी ८.
बॅग भरताना कमलला विचारलं, मग चिठ्ठी कोणाची असेल. ती साडीची घडी घालत होती.
“माही.”
मी खाली बसलो. ती म्हणाली, तुम्ही पुढे आणखी दोनदा तेच साल बोलणार होते, कागदावरच तसं लिहिलं होतं. घरी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. तो माइकवर वाचेल हे तिला माहीत नव्हतं. नंतर सांगणार होती, पण मी देवीदासवर गुस्सा धरला आणि घरी जरा शांतता झाली.
आता तिच्याशी अबोला धरावा असं ठरवलं. नाश्त्याला माझा चष्मा सापडला नाही. तिला विचारावं लागलं.

१८ मार्च. सौंसर.
कमल आणि सुमन ऑक्टोबरात जपानला जाणार आहेत. क्योटो. तीही जुनी राजधानी. देवीदास येत नाही, संत्र्याचा बगीचा पाहणार. मी विचारलं, आणि मी? कमल म्हणाली, दोघींचंच बुकिंग आहे. झालं सुद्धा.
रात्रभर विचार केला. सकाळी चहाच्या वेळी तिला समोर बसवून, मोठ्या मनानं, जायची परवानगी दिली.
तिनं मागितली नव्हती.