कातडं तुमचं, हाडं आमची

८ जून, रविवार
मुदखेड सुटलं, लातूर काही अजून जमलं नाही. भांड्यांचं पोतं तसंच बांधलेलं. अनूचे पप्पा डाळ मिलमधून येतात ते भुवयांपर्यंत पिवळे होऊन, आणि आल्या आल्या एकच विषय, अनूची शाळा. नोकरी बदलली तीच पोरीच्या शाळेसाठी, हे दिवसातून दहादा ऐकते.
अनू पाचवीत जाणार. मुदखेडला जि. प.ची शाळा घराला लागून होती, हाक मारली की पोरगी जेवायला हजर. इथं शाळा बघणं म्हणजे स्थळ बघणं. प्रवेशाचे दिवस म्हणून रविवारीही शाळा उघड्या. आज घरमालकीण काकू बरोबर आल्या. प्रत्येक फाटकावर पहिल्या आलेल्या पोरांचे मोठमोठे फोटो. एका शाळेत मी विचारलं, मैदान आहे का? काकूंनी मला कोपर मारलं. "मैदान काय विचारून राहिली बाई? मार देतेत का विचार. मार न्हाई ती शाळा कशाची?"

११ जून, बुधवार
प्रवेश झाला. सेमी इंग्रजी, नाव मोठं, इमारत त्याहून मोठी. गणिताचे काळे सर तिथेच बसले होते. अनूच्या पप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "सर, कातडं तुमचं, हाडं आमची. लेकरू सोपवलं." सर हसले. मुख्याध्यापकही हसले.
माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं होतं गुरुजींना. सगळेच म्हणतात. 'या, बसा, चहा घ्या' म्हणतात तसं. तरी मी अनूला जवळ ओढलं. अनू विचारत होती, पप्पा असं का म्हणले? मी म्हटलं, रीत असते.

१६ जून, सोमवार
पहिला दिवस. वेणी तीनदा घातली, प्रत्येक वेळी म्हणे घट्ट झाली. परत आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसली.

२४ जून, मंगळवार
डाव्या हातानं जेवत होती. ओरडले, तर उजवा हात मांडीखाली लपवला. ओढून पाहिला. बोटांची पेरं निळी. काळे सरांची स्टीलची पट्टी, तीही आडवी नाही, उभी. धार लागते अशी.
'नऊ साते' विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं पोरीनं. 'नाइन सेव्हन्स' म्हटल्यावर गप्प राहिली. एवढाच गुन्हा.
पप्पा म्हणाले, "आपणच सांगितलं होतं ना सरांना. होईल सवय." हातातलं ताट फेकलं मी. भिंतीला वरणाचा ओघळ. त्यांनी माझं मनगट पिरगाळलं, मी चावले. अनू हळदीचा डबा घेऊन मधे उभी. कुणाला लावू विचारत होती...

२५ जून, बुधवार
गेले. वर्ग चालू होता. काळे सर नम्रपणे दारात आले. मी म्हटलं, हात बघा माझ्या लेकराचा. ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनीच तर सांगितलं ताई. आन् मी हाडाला धक्का लावला न्हाई. बघा, बोटं हलून राहिलीत."
त्यांनी अनूला खरंच बोटं हलवायला लावली. माझ्यासमोर.
पुढचं नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं. डाव्या गालावर एक, उजव्यावर एक. मग टेबलावरची पट्टी उचलली आणि त्यांच्या पेरांवर. उभी. मोजली नाही. सर ओरडत होते, "ओ बाई! ओ बाई!" पोरं आधी हसली, मग एकदम चिडीचूप. अनू फळ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. शिपायानं मागून धरलं तेव्हा थांबले. दारात कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं.
मुख्याध्यापक म्हणाले, पोलिसात देत नाही, शाळेचं नाव जातं. पोरीचा दाखला घ्या आणि चालत्या व्हा.
पश्चात्ताप? नाही. हात अजून झणझणतोय.

२७ जून, शुक्रवार
व्हिडिओ गावभर. मिलच्या मालकानं पाहिला, हमालांनी पाहिला. पप्पा घरी आले ते भांडायच्या तयारीनंच. "त्या बाईचा नवरा म्हणून राहिलेत मला लोक! हात दाखवून अवलक्षण!" हात उगारला. मी म्हटलं, मारा, मलाही येतं आता. त्यांनी आरशावर बुक्की घातली. टाके घालायला मीच दवाखान्यात नेलं.
काकू शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. "छाती हाय बाई तुझी. माझ्या पोराला याच सरानं बडवला हुता, आम्ही पेढे दिले हुते त्येला." मग जाता जाता म्हणाल्या, "पण आता पोरीला घेणार कोण?"

३० जून, सोमवार
कोणीच नाही. चार शाळा झाल्या. पहिल्या शाळेतला क्लार्क म्हणाला जागा भरल्या, आणि माझ्या मागच्या बाईला पावती फाडून दिली. एका बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. जवळची मनपाची शाळा चौथीपर्यंत. मुदखेडला परत जावं तर पप्पांची तिथली नोकरी गेली ती गेली.
पोरीसाठी मारलं आणि पोरगीच घरी बसली. डोकं आपटावंसं वाटतं.

४ जुलै, शुक्रवार
अनूनं काकूंच्या नातीला मारलं. शाळा-शाळा खेळत होत्या. लाकडी उलथनं, उभं धरून, पेरांवर. ती चार वर्षांची पोर किंचाळली तेव्हा मी धावले.
"का मारलंस?"
"तिला येत नव्हतं."
मी अनूला मारलं. त्याच हातावर, अजून नीट भरलासुद्धा नव्हता. ती रडली नाही. म्हणाली, "तू शाळेत यायलाच नको होतंस. मी पाठ केलं असतं."
काकूंनी चटणीची वाटी परत मागितली.

८ जुलै, मंगळवार
फोन आला. एक मॅडम, औसा रोडला मुलींचं हॉस्टेल आणि शेजारीच त्यांची शाळा. गेलो दोघं. मॅडम बारीक आवाजाच्या, स्वतः चहा गाळून दिला. म्हणाल्या, "व्हिडिओ पाहिला तुमचा. आम्हाला रेक्टर पाहिजे. पोरी कुणालाच भीत न्हाईत हो. मुलीला आमच्या शाळेत घेऊ, फी न्हाई, जेवण हॉस्टेलातच."
मी म्हटलं, मी पोरींना मारणार नाही.
"मारायचं कुणी सांगितलं? तुम्ही मारू शकता, एवढं त्यांना मालूम असलं की बास. ते तर आधीच मालूम हाय."
पप्पांनी हात जोडले. या वेळी काही बोलले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, देवच पावला. मी म्हटलं, कुणाचा?

१० जुलै, गुरुवार
अनूला घेऊन हॉस्टेल बघून आले. जेवणघरात पाऊल टाकलं आणि कलकलाट तुटला. पोरी उभ्या राहिल्या. अनूपेक्षा थोड्या मोठ्या. एकीनं हात पाठीमागे नेले. मी तिला काही बोललेही नव्हते.
खरं लिहायचं तर क्षणभर बरं वाटलं. इतके दिवस सगळ्या दारांवर भीक मागितली, इथं एक खोली माझ्यासाठी उभी राहिली. मग तिचे ते लपवलेले हात डोळ्यांपुढे आले. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

१३ जुलै, रविवार
उद्या उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर अनूचं वर्ष गेलं, दुसरं दार नाही. हो म्हटलं तर साठ पोरींच्या डोक्यावर मी. पप्पा गणवेश घेऊनच आले, मला न विचारता. भांडायला तोंड उघडलं, पण अनूनं तो अंगात घातलाही होता. कितीतरी दिवसांनी हसली. फ्रॉक गुडघ्याखाली येतो, पुढच्या वर्षीही चालेल.
ताटावर बसली. वरणभात कालवता कालवता म्हणाली, "मम्मी, तिथं मी पोरींच्यातच जेवणार ना?"
हो, म्हटलं.
"मग तू आत आलीस की मी पण उभी राहू?"
मी म्हटलं, जेव आधी.