मंदा सिस्टरचा पन्नीचा प्रश्न

प्रिय ताई,

तू गेलीस त्याला या पोळ्याला तीन वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज आपणहून लिहितोय असंही समजू नकोस. तुझ्या पल्लवीचं फर्मान आहे. "मामा, मले काही सांगू नका. जे सांगाचं थे आईले लिवा. आन् पेपरातच लिवा, जिथं पयले लिवलं होतं तिथं." म्हणून माझ्या रविवारच्या विनोदी सदराची जागा आज तुझी. संपादकांनी विचारलं, यात विनोद कुठे आहे? मी म्हटलं, खाली माझी सही आहे की.

तुझी ती अमरावतीची ड्रेसिंग रूम मला अजून दिसते. स्पिरिटचा वास, खडखडणारा पंखा आणि कोपऱ्यातलं ते तिरपं स्टूल. प्रेसमधून निघालो की मी तिथे चहाला येऊन बसायचो. तू बोलायचीस माझ्याशी, पण लक्ष सगळं समोरच्या पायाकडे.

कापूस वेचायच्या दिवसांत तुझ्याकडे बायांची रांग लागायची. कुणाच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट घुसलेलं, कुणाला विळा लागलेला. औषध दिलेलं, पट्टी केलेली, तरी जखम भरत नाही. पट्टीवर घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे आपली पन्नी, आणि वरून सुतळी.

"कवा बांधली वं माय, पन्नी?" तू विचारायचीस.

"सकाळीच. दव रायते ना वावरात. डॉक्टर मने, पाय ओला नोको करू."

"आन् सोडली कवा?"

"हे काय, आता तुह्यासमोर सोडून राहिली."

आत पाय घामानं भिजून पांढरा फटक. डॉक्टरनं सांगितलेलं त्या बाईनं शब्दशः पाळलं होतं. बाहेरचं दव आत जाऊ दिलं नाही, आणि आतला घाम दिवसभर बाहेर जाऊ दिला नाही. तू रागावली नाहीस कुणावर. फक्त सांगायची रीत बदललीस. 'ओलं करू नको' ऐवजी 'दव सुकलं का पन्नी काढ, लुगड्याची सुकी पट्टी गुंडाळ.' एवढंच. जखमा लवकर भरायला लागल्या, असं तुला वाटलं.

वाटलं, हाच तर घोळ होता. तुझा तो तरुण डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, हे तुम्हाला वाटतंय. वाटण्याला पुरावा लागतो." माणूस बरा होता. नुसतं बोलून थांबला नाही, दुसऱ्या शहरात नर्सेसना संशोधन शिकवतात म्हणून त्यानं कुठून तरी फॉर्म मागवून दिला. तू तो भरलास. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून, निळ्या शाईनं. विषयाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून मला विचारलंस. मी म्हटलं, पन्नी.

आणि पुढच्या रविवारी मी तेच छापलं.

मला तेव्हा नुकतंच सदर मिळालं होतं. जीभ नवी, धार नवी, आणि कापायला घरचंच माणूस सगळ्यात जवळ. 'जगात कुणी ग्रह शोधतं, कुणी जंतू शोधतं. आमच्या ताईनं पन्नी शोधली.' असं आणखी बरंच. तुझं नाव नव्हतं त्यात, पण अमरावतीत नावाची गरज कुणाला लागते? सोमवारी ते कात्रण तुझ्या ड्रेसिंग रूमच्या दाराला चिकटवलेलं होतं. कुणीतरी ते चढ्या आवाजात वाचूनही दाखवलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मी घरी आलो तर तू पातोडीची भाजी केलेली. माझ्या आवडीची, झणझणीत. "बरं लिवलं रे गजू. हासू आलं," म्हणालीस. मी दोनदा रस्सा घेतला.

पुढे कधीतरी विचारलं, फॉर्मचं काय झालं? "रायलं रे. घरचं कोण पाहीन?" मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं. घरचं पाहायला भाऊजी होते, आई होती. हे मला तेव्हाही दिसत होतं, ताई. तू एकदा तरी भांडली का नाहीस माझ्याशी?

आता पल्लवीचं सांगतो. ती अकोल्याला स्टाफ नर्स आहे, हे तुला ठाऊक आहेच. तुझ्यासमोरच तिनं पहिल्यांदा तो गणवेश घातला होता. काही महिन्यांपूर्वी सुटी काढून एसटीनं आली. पाया पडली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामा, एक पत्र लिहून द्या. सभ्य भाषेत. मले नाही जायचं मनून."

"कुठं नाही जायचं?"

तिनं निवडीचं पत्र पुढे ठेवलं. दवाखान्यात लागून थोडीच वर्षं झालेल्या नर्सा, फिजिओथेरपीवाले यांच्यासाठी संशोधनाची मास्टर्स पदवी. फी नाही, उलट पगार चालू. काही दिवस वॉर्डात, काही दिवस अभ्यास. आणि प्रश्न ज्याचा त्यानं आपल्या कामातून आणायचा, वरून कुणी नेमून द्यायचा नाही. दवाखान्यानं परवानगी दिली होती. भाऊजींचे तर पेढे वाटून झाले होते. होकार कळवायला चार दिवस उरले होते.

"मंग काहून नाही जात?"

"हासून राहिले सारे. आमची सिनियर सिस्टर मनते, पन्नीवर मास्टर्स, मंग सुतळीवर पीएचडी. ड्यूटीवर गेली का दुसऱ्या मनतात, आली पन्नीवाली. अजून सुरू नाही झालं त हे. दोन वर्स कसे काढू मामा?"

विनोद बरा होता, ताई. माझ्या सदरात शोभला असता. आणि मग लक्षात आलं, शोभलाच होता.

अर्जासोबतचा निबंध तिच्या पिशवीत होता. तुम्हाला हा विषय कसा सुचला, असं विचारलेलं. तिनं लिहिलं होतं: 'माझी आई परिचारिका होती. हा प्रश्न तिचा. तिने त्यासाठी अर्ज भरला होता, पण वर्तमानपत्रात कुणीतरी थट्टा केली आणि तिने तो पाठवला नाही. थट्टा कुणी केली, हे तिने कधी सांगितले नाही.'

तू लेकीलाही सांगितलं नाहीस.

समोर कोरा कागद होता. नकाराच्या चार ओळी मी चहा निवायच्या आत लिहिल्या असत्या. पल्लवीची सुटका, माझी सुटका, आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. भाषा तर माझी इतकी सभ्य आहे की नकार वाचून त्यांनी आभार मानले असते. मी पेनाचं टोपणही काढलं.

मग म्हटलं, "पल्लवी, थो कुणीतरी मी हाय."

तिला आधी समजलं नाही. मी सगळं सांगितलं, कात्रण आणि पातोडीसकट. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई तुमाले कायीच नाही बोलली?"

"नाही."

"आन् तुमी बी नाही इचारलं."

"नाही."

तिनं माझ्यापुढचा कोरा कागद उचलला, घडी घालून पिशवीत टाकला आणि उठली. जाताना पाया पडली नाही. बरोबरच केलं. होकार कळवला हे मला भाऊजींकडून समजलं. तिनं फोन केला नाही, माझा उचललाही नाही.

मग अभ्यास सुरू झाला आणि गेल्या गुरुवारी तिचा फोन आला. "मामा, गाडी घेऊन या. वलगावले जायचं हाय. रस्त्यानं बोलू नका." माफी वगैरे काही नाही, ड्रायव्हर हवा होता. मी गेलो.

वलगावात एका ओट्यावर पाय पसरून बसलेली म्हातारी, पायाला पट्टी. पल्लवीनं आधी संमतीचा कागद समजावून सांगितला. म्हातारीनं तो उलटा-सुलटा केला. "सातबारा त नाही ना हा? मांगं एकानं असाच अंगठा घेतला होता."

"नाही माय, वावर तुहंच राहीन. पन्नीबद्दल इचाराचं हाय."

म्हातारी हसायला लागली. "एवढी शिकलेली पोट्टी, आन् पन्नी इचारते?" शेजारच्या बाया गोळा झाल्या, त्याही हसल्या. मला माझा रविवार आठवला. मी पल्लवीकडे पाहिलं. तीही हसत होती. "हासून झालं का? मंग पुढचं सांग."

तेवढ्यात मागून एक सून म्हणाली, "मले इचार ना वं. ह्या माह्या सासूनं त झोपतानाबी सोडली नव्हती." म्हातारी तिच्यावर खेकसली. दुसरी म्हणाली, मी त दोन-दोन बांधतो. तिसरीला तिच्या नणंदेचं सांगायचं होतं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि पल्लवी भराभर लिहीत सुटली. मग मान वर न करता मला म्हणाली, "मामा, तुमी गाडीत बसा. माणूस पाहून बाया लाजून राहिल्या."

मी गाडीत जाऊन बसलो. काच खाली करून ऐकत होतो. तुला हे ऐकायला मिळायला हवं होतं, ताई.

परतताना मी विचारलं, आईचं म्हणणं खरं निघेल ना? ती म्हणाली, "माहीत नाही. चुकीचंबी निघू शकते. मनून त पाहाचं." आणि मग हे पत्र लिहायचं फर्मान दिलं.

तर ताई, शब्द देतो. तिचा अभ्यास होईतो दर गुरुवारी गाडी माझी, आणि तोंड बंद. जे उत्तर निघेल ते मी याच जागेवर छापीन, तुझ्या नावासकट: मंदा सिस्टरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर. तू चुकली होतीस असं निघालं, तर तेही तसंच छापीन, शेजारी एकही विनोद न ठेवता.

तुझ्या हातचं निर्लज्जपणे दोनदा वाढून घेणारा,
गजू