तुझ्या खोलीतला आवाज

चिरंजीव विसरभोळे यांस आजीचे आशीर्वाद. कोण आजी, असा प्रश्न पडला असेल तर सांगते: तुझ्या बापाची आई. लहानपणी तू दप्तर विसरायचास, एकदा तर शाळेत जायचंच विसरून कोपऱ्यावरून परत आलास, तेव्हा मला विसरलास यात नवल नाही. तब्येत बरी ना? वेळेवर जेवतोस ना? माझे गुडघे जागच्या जागी आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत. (मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. शिव्या ती गाळणार. तेव्हा वाक्य जिथे अचानक गोड होईल तिथे तू काय ते समजून घे.)

आता मुद्द्याचं. मला अक्षरओळख नाही म्हणून तू संगणकात तुझा आवाज भरून तो वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवून गेलास, आणि रोज सकाळी तुझ्या आवाजात पेपर ऐकायची मला सवय लावलीस. वर्षभर सुरळीत चाललं. मग तुझ्या बाबाला हुक्की आली. संगणक ज्याच्यावर चालतो ते लिनक्स जुनं झालंय म्हणाला आणि सगळं नवं करून बसला. झालं! यंत्र नवं आणि तू मुका. तुझ्या जागी कुठूनशी एक तयार आवाजाची बाई आणून बसवली. ती माणूस गेल्याची बातमीसुद्धा भांड्यांचा सेल लागल्यासारखी वाचते. मी कानांवर हात ठेवून बसायला लागले, तेव्हा कुठे बाबानं बाह्या सरसावल्या. तुझा प्रोग्राम मुळापासून बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा ठरला. तुझ्या सूचना म्हणे दोनच ओळींच्या. अरे, दोन ओळींत कुणाचा संसार झालाय?

पहिल्याच फटक्याला लाल अक्षरं. (वाचता येत नसलं तरी लाल रंग आणि तुझ्या बापाचं तोंड मला दोन्ही कळतं.) अमुक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी तयार मसाल्याची पुडी, नाही म्हणे. बाबा शपथेवर म्हणतो, ‘आहे’; यंत्र म्हणतं, ‘नाही’. शेवटी उमगलं की प्रोग्राम चालवायला एक पुडी लागते आणि बांधायला वेगळीच. ती आणली, तर तिला आणखी एक हवी. त्या दुसरीला तिसरी, पण जुनीच, नवी चालणार नाही. लग्नात रुसलेल्या मावश्या परवडल्या! मग बाबानं घाईघाईनं यंत्राच्या सगळ्या हातांना एकदम कामाला जुंपलं. एका ओट्यावर आठ बायका उभ्या केल्या तर जे होईल तेच झालं. पंखा घरघरला आणि पडदा थिजला. (तुझी आई म्हणते, मेमरी संपली. संपणारच. प्रोग्राम कुणाचा आहे!)

काल अखेर एकही लाल ओळ आली नाही. आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो, बाबानं कळ दाबली, आणि यंत्रानं काय सांगावं? आवाजाचा फोल्डर सापडत नाही! शोधत कुठे होतं? तुझ्या खोलीत! प्रोग्राममध्ये तू पत्ता घातलास तो तुझ्या स्वतःच्या संगणकाचा. आमच्याकडचा आवाज बाबाच्या साफसफाईत गेला, आणि बांधायच्या सामानात तो ठेवायला तू विसरलास. म्हणजे आम्ही इथे चूल पेटवून, भांडं घासून बसलोय आणि तांदूळ तुझ्या कपाटात! वर फोनवर बाबाला सांगतोस, माझ्याकडे तर चालतंय. चालणारच, मेल्या. तुझ्याकडे तू आहेस.

तुझी (आठवलीच तर) आजी.

ता. क. आवाज तिकडून धाडून देतो, असं म्हणू नकोस. तो तू सर्दीत भरला होतास. वर्षभर नाक चोंदल्या आवाजात बाजारभाव वाचलेस आणि मी रोज इथे वाफारा घे, वाफारा घे म्हणून पडद्याला सांगत बसले. जुना फोल्डर नको. नवा भर, या खुर्चीत बसून.

ता. क. आणखी. दातांना चालतील अशी मऊ बिस्किटं पाठव. टपालानं मात्र नको, मागच्या खेपेला डब्यात नुसता चुरा आला. कुणी मांडीवर डबा धरून आणली तरच ती टिकतात. तुझ्या ओळखीत असं रिकामटेकडं कोण आहे ते बघ, आणि त्याला डबा विसरू नकोस म्हणावं.