कांद्याच्या वाफ्यातलं तण

अल्सुंगा, १६ जून

प्रिय अग्नेसे,

शनिवारी लग्नात तू माझी स्तुती गायलीस आणि सोमवारी मला न विचारता माझा कांद्याचा वाफा निंदून घेतलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

आधी लग्नाचं. वर माझ्या भाचीचा, इल्झेचा मुलगा, वधू तुझी नात. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर तू, जशा त्रेचाळीस वर्षं प्रत्येक लग्नात असतो, गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढायला. मी तुझ्या टोपीवर गायले, तुझ्या फुगलेल्या गुडघ्यांवर गायले, तुझ्या गाजराच्या पाईने कोंबडीचा दात पडला असंही गायले. माझ्या बाजूच्या बायकांनी मागून 'एऽऽ' असा लांब सूर धरला आणि सगळा मांडव तुझ्याकडे बघू लागला. तू उठलीस, शालीचं टोक सारखं केलंस, आणि काय गायलीस? ओतीलियाचे हात सोन्याचे, मन मधाचं. तुझ्या बायकांना सूर कुठे धरावा कळेना. बँडवाल्याने मान खाली घातली. माझी चार कडवी तयार होती, ती गिळून मी खाली बसले. मधाचं मन! माझं! शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, एका पोराने तरी असा आरोप केला असता का?

चिडली ती हरली, हा नियम तूच नव्या मुलींना शिकवतेस. मी चिडले आहे. हरले, मान्य.

सामुदायिक शेतीच्या दिवसांत आपण तिच्या अध्यक्षाच्या समोर उभं राहून त्याच्या पोटावर गायलो होतो, आठवतं? दाराशी सरकारचा चौकशीवाला उभा होता. अध्यक्षाला हसावंच लागलं. त्याला सोडलं नाहीस आणि मला सोडलंस?

आणि तुझा दोनात्स गेला ते वर्ष. हिवाळ्यातल्या त्या लग्नात सगळ्या मला कोपऱ्यात घेऊन बजावत होत्या, यंदा अग्नेसेला काही बोलू नकोस. मी सरळ तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गायले:

अग्नेसेचं सूप प्यायला, नवरा गेला वर;
तिथेसुद्धा म्हणतो, देवा, मिठाचं काही कर.

मागून कोणीतरी माझी शाल ओढू लागलं. चूक झाली असं मलाही वाटलं, हे आज पहिल्यांदा सांगते. मग तू हसलीस. बिअर सांडली, डोळे पुसलेस आणि उठून मला दिलंस:

ओतीलियाशी कोण बोलेल? बैल पळतात लांब;
लग्नाला तिच्या तयार झाला कुंपणाचा खांब.

घरी जाताना बर्फात थांबून तू म्हणालीस, "आठ महिने सगळे मला मेलेलीच समजून बोलत होते. तू तेवढी भांडलीस."

ही तूच ना? मग शनिवारी स्वयंपाकघरात बायकांना काय सांगत होतीस? "तिला आता काही बोलू नका, बिचारी." इल्झेच्या पोटात काही राहत नाही. लिएपायाच्या डॉक्टरांचं तिने तुला सांगितलं, तसं तुझं मला सांगितलं.

आणि सोमवारी मी इस्पितळातून आले तर वाफा लख्ख. तुझी सून लाइमा येऊन गेली, शेजारणीने पाहिलं. लीगोच्या, वर्षातल्या सर्वांत छोट्या रात्रीच्या सणाला आठवडा उरला असताना! त्या संध्याकाळी गाणारे घरोघर फाटकाशी येऊन तण मोजतात आणि मालकिणीची अब्रू काढतात, म्हणून तर आपण सणाआधी निंदतो. माझ्या वाफ्यात गुडघाभर तण होतं. ते माझं होतं. त्यावर गायचा हक्क तुझा होता, आणि तो तू स्वतःच उपटून टाकलास.

डॉक्टर म्हणतात, बटाटे काढणीपर्यंत. खाली वाकता येत नाही आणि एक कडवं संपायच्या आत धाप लागते. शनिवारी मी बसले त्याला तेही एक कारण होतं. ते कारण तुला कळलं होतं, म्हणून तू मध ओतलास. नको मला. हा माझा शेवटचा लीगो आहे. फाटकाजवळची पट्टी लाइमाच्या नजरेतून सुटली आहे, तिला हात लावायचा नाही. तेवीस तारखेला संध्याकाळी बायका घेऊन ये, फाटकात उभी राहा आणि मला पूर्वीसारखं सोलून काढ. मी खुर्ची बाहेर टाकून बसेन. उत्तर द्यायला दम पुरला नाही तर माझ्या बाजूनेही तूच गा. त्यासाठीच सोबतचं सामान पाठवते आहे. मी असेपर्यंत मला जिवंत धर, एवढंच मागते.

तुझीच, अजून इथेच असलेली,
ओतीलिया

इल्झेच्या हाती पाठवलेलं:
माझ्या कडव्यांची वही, एक. शेवटची सतरा तुझ्यावरची, न गायलेली.
गाण्यात पुढे उभी राहणारीचा मोठा चांदीचा ब्रोच, एक. टाचणी वाकडी आहे, जपून लाव.
लाइमाने कुंपणामागे टाकलेलं तण, एक पोतं. मोजून घे.