साल मोजली, सुपारी राहिली

बाई,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला देवाघरी जाऊनसुद्धा पुष्कळ वर्षं झाली. माझं शिक्षण सहावीत थांबलं, तेव्हा अक्षराकडे बघू नका. परवा घरात एक गोष्ट घडली, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्हाला आठवेल की नाही कोण जाणे, पण मोजमापं नुकतीच बदलून इंचाचे सेंटिमीटर झाले होते आणि तुम्ही आम्हाला घरून लहान लहान वस्तू आणायला सांगितल्या होत्या. कुणी सदऱ्याचं बटण आणलं, कुणी काडेपेटी, कुणी चिंचोका. तुम्ही म्हणालात, आधी माप निवडा, मग पट्टी लावा. भिंतीला मीटर, काडेपेटीला सेंटिमीटर, चिंचोक्याला मिलिमीटर. मी पोफळीच्या वाडीवाल्याचा मुलगा, मी सुपारी आणली. सालासकटच आणली, कारण आमच्या घरात पोफळीवरून पडली की ती सुपारीच. मी उभा राहून ऐटीत सांगतो, "पाच सेंटिमीटर." तुम्ही हसता. "अरे, तू साल मोजलीस, सुपारी आतच राहिली. ती केवढीशी, मिलिमीटरात मोज." मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, "वाडीवाल्यालाच सुपारी दिसली नाही!" सगळा वर्ग हसतो. तुम्ही त्यांना गप्प केलंत आणि तुमची स्वतःची लाकडी पट्टी माझ्या हातात दिलीत. "घरी सोलून मोज आणि उद्या मला सांग." एवढंच झालं होतं.

घरी मी बाबांना वेगळंच सांगितलं. म्हटलं, बाई म्हणाल्या, तुमच्या घरात सुपारीतलं कुणाला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा थेट वर्गात आले. "बाई, तुम्ही घाटावरच्या. पोफळीखाली कधी उभ्या तरी राहिलात का? आम्ही बोटांनी मोजतो, आमचं कधी अडलं नाही."

"मी असं बोलले नाही," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी बाकाची चीर नखाने कोरत राहिलो. बाबांनी मला दंडाला धरून नेलं, ती शाळा सुटली ती सुटलीच. माझे शब्द तुमच्या नावाने गावभर फिरले, लोक तुमच्याशी तुटकपणे वागू लागले, आणि दिवाळीनंतर तुम्ही बदली मागून घेतलीत. पट्टी माझ्याकडेच राहिली.

परवा नात असाच गृहपाठ घेऊन आली. वादळानंतर आमच्या वाडीत थोड्याच पोफळी उरल्या आहेत, त्यांच्याखालची एक सुपारी तिला वेचून दिली. "आबा, सेंटिमीटर की मिलिमीटर?"

"आधी सोलू दे," मी म्हणालो. सोलून दिली. तुमच्याच पट्टीवर चोवीस मिलिमीटर भरली.

"भारी! तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

आणि बाई, माझ्या तोंडून निघालं, "माझ्या बाबांनी."

तिने लगेच वहीत लिहिलं: सुपारी सोलून मग मोजावी, हे माझ्या पणजोबांनी शिकवले.

वही सोमवारी शाळेत जाणार. आत्ता ती अंगणात खेळते आहे, वही माझ्या मांडीवर आहे आणि हातात खोडरबर. ती ओळ खोडली तर तिला सगळंच सांगावं लागेल, आणि आमचे आबा कधी खोटं बोलत नाहीत, असं ती शेजारच्या मुलांना सांगत असते. मघापासून मी नुसता खोडरबर मोजतो आहे. तीनदा मोजला, बत्तीस मिलिमीटर.

ह्या पत्रावर पत्ता कुठला घालायचा ते मला ठाऊक नाही. पट्टीबरोबर कपाटातच ठेवीन. खरं सांगतो, तुम्ही "राहू दे रे" म्हणाल, ह्याचीच मी वाट बघतो आहे. पण जे काय असेल ते सोमवारच्या आत कळवा.